पटावरचं विसावं नाव

आडखारच्या शाळेत हजेरी साडेदहाला व्हायची. खोली एक, इयत्ता चार, शिक्षिका एक. मनिषा कडू खुर्चीत न बसता उभ्यानेच हजेरीपट उघडायची आणि पहिलीपासून नावं घ्यायची. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये भामा मुलांच्या खिचडीसाठी कांदा चिरत असायची. एकोणीस नावं होईपर्यंत विळीचा आवाज चालू राहायचा. विसाव्याच्या आधी तो थांबायचा.

"अनुष्का भगवान घरत."

"हजर."

उत्तर कुणीतरी द्यायचं. मुलांनी ते आपसात ठरवून घेतलं होतं. खिडकीजवळच्या तिच्या जागेवर त्या दिवशी जो बसेल, त्याने द्यायचं. मनिषा रकान्यात खूण करायची आणि विळी पुन्हा सुरू व्हायची.

अनुष्का भामाची एकुलती मुलगी. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, ती उघाडीत पडली. उघाडी म्हणजे खारीच्या, खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी तिथून खाडीत सुटतं आणि भरती आली की झडपा बंद होऊन खारं पाणी बाहेर राहतं. दारावर माणसाला ओलांडायला एक फळी टाकलेली. त्या दिवशी ओहोटी होती, शेतं पावसाने तुडुंब होती आणि पाणी जोरात सुटलं होतं. एक चप्पल झडपेशी मिळाली. गाव सात दिवस खाडी धुंडाळत होतं. बाप भगवान मोरा बंदरातून टगवर, जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला जायचा. तो टग सोडून आला, दोन आठवडे कांदळवनात फिरला आणि परत गेला. पोलिसांत नोंद झाली ती बेपत्ता म्हणून.

भामा बाराव्या दिवशी कामावर आली. तिने पातेलं घासलं, तांदूळ निवडले आणि शेडच्या दारात येऊन विचारलं, "बाई, हजेरी झाली?"

मनिषाने तोवर एकोणीस नावं घेतली होती. भामाकडे पाहत तिने विसावंही घेतलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दुसरीतली एक मुलगी घाबरून म्हणाली, "हजर."

त्या दिवशी भामाने वीस ताटल्या मांडल्या.

सप्टेंबरअखेरीस मुलांची संख्या वर कळवायची होती. मनिषाने केंद्रप्रमुख महादेव सरांना फोन केला. दहा शाळांचा कारभार पाहणारा हा माणूस फोनवर कायम घाईत असे.

"सर, त्या मुलीचं नाव कमी करायचंय."

"दाखला आहे?"

"कसला?"

"मृत्यूचा. बॉडी नाही, दाखला नाही, मग नाव कशाच्या आधारावर कमी करणार तुम्ही? आणि वीसच्या खाली गेलात तर शाळा कोळव्याला जोडतील. मला विचारलंत हे मी विसरतो, तुम्हीही विसरा."

मनिषाने वीस लिहिले.

*

कोळवे खारीच्या पलीकडे. तिथे आठवीपर्यंतची मोठी शाळा, दोन मजले, संगणकाची खोली. कागदावर अंतर दीड किलोमीटर होतं. ते कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं होतं. बांधावरून पायी सव्वातीन किलोमीटर पडायचं, तेही उघाडीवरच्या फळीवरून. गाडीरस्त्याने अकरा.

ऑक्टोबरात एका संस्थेचं पत्र आलं. पनवेलला चार शनिवार शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. पत्रात लिहिलं होतं, 'धोरण नेतृत्व आणि विधिमंडळ पाठपुरावा'. मनिषाच्या नवऱ्याने, परेशने, ते दोनदा वाचलं. तो कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा आणि सुटीच्या दिवशी बापाबरोबर खारीत उतरायचा.

"म्हंजे काय शिकवनार?"

"आमदारांशी बोलायला."

"त्याला शिकाया कशाला लागते? लगनान येतान की सगल्यांच्या."

पनवेलच्या हॉलमध्ये तीस शिक्षक होते. शिकवणारी रेवा मुंबईची, पस्तिशीची, केस बारीक कापलेले. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "सगळ्यांनी एक अर्ज लिहा. तुमच्या शाळेला काय हवंय, ते आमदारांना."

तिसांपैकी अठ्ठावीस अर्ज 'कृपाळू होऊन' या शब्दांशी संपत होते. रेवाने ते फळ्यावर लिहिलं आणि त्यावर काट मारली.

"तुम्ही कृपा मागायला जात नाही आहात. माहिती द्यायला जाताय. ती त्यांच्याकडे नसते, तुमच्याकडे असते."

करंजाड्याचे विनायक सर मागून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे खूप माहिती असते. शौचालयं मोजून झाली, कुत्री मोजून झाली. आता आमदार मोजायचे का?"

हॉल हसला. रेवाही हसली. मग तिने नियम सांगितला. सरकारी नोकर धोरणाविरुद्ध जाहीर बोलू शकत नाही. पण विधिमंडळाच्या समितीने बोलावलं तर वस्तुस्थिती मांडू शकतो. शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे, तो एका सहीने येतो आणि दुसऱ्या सहीने जातो. वेळ तीन मिनिटं मिळते. तीन मिनिटांत एक पान, एक मागणी, एक चेहरा.

"चेहरा म्हणजे?" मनिषाने विचारलं.

"एक मूल. आकडा लोक विसरतात. मूल विसरत नाहीत."

तिसऱ्या शनिवारी प्रत्येकाने आपलं पान लिहिलं. मनिषाने मागणी लिहिली. शाळा जोडताना अंतर नकाशावर मोजू नये, मुलांच्या पायवाटेने मोजावं, आणि वाटेत पाणी असेल तर शाळा हलवू नये. खाली तिने अनुष्काबद्दल चार वाक्यं लिहिली. पाचवं लिहिलं आणि लगेच खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं.

पाचवं वाक्य होतं, तिला मी पाठवलं होतं.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी दीड वाजता मोबाइलवर निरोप आला होता. पटसंख्येचा तक्ता सहीशिक्क्यासह आज पाचच्या आत कोळव्याच्या केंद्रशाळेत मूळ प्रतीत हवा. वीस मुलं सोडून मनिषाला जाता येत नव्हतं. अशा वेळी आडखारमध्ये नेहमीच कुणातरी मोठ्या मुलाला धाडायचे. परेश शाळेत असताना आधीच्या गुरुजींनी त्यालाही धाडलं होतं. चौथीतली सगळ्यात शहाणी मुलगी अनुष्का. मनिषाने तक्ता प्लास्टिकच्या फायलीत घालून तिच्या हातात दिला आणि सांगितलं, पळत जा, चालत ये.

पोलिसांना तिने सांगितलं, पोटात दुखतं म्हणून दोन वाजता सुटी मागून गेली. भामा तेव्हा भांडी आवरून शेतात गेली होती. ते वाक्य तिने पोलिसांकडूनच ऐकलं.

रेवाने ते पान वाचलं.

"मनिषाताई, हे तुम्ही समितीपुढे मांडायला हवं. जानेवारीत आमदारांची समिती पनवेलला येतेय. मी तुमचं नाव देते. आणि आई आली तर?"

"ती बोलणार नाही."

"दोनच वाक्यं. पालक म्हणून."

*

डिसेंबरात खारीतलं भात झोडून झालं. रान मोकळं झालं तसा जगन, मनिषाचा सासरा, बांधाच्या कामाला लागला. उघाडी त्याच्याकडे होती. पंचवीस वर्षं झडपांची निगा तोच राखत होता. खाडीच्या वरच्या अंगाला भराव पडल्यापासून पाण्याची वाट अरुंद झाली होती आणि भरती पूर्वीपेक्षा वीतभर वर चढायची. तो आणि परेश ओहोटी धरून उतरायचे. परेश गुडघाभर चिखलात उभा राहून खोऱ्याने गाळ कापायचा, जगन तो घमेल्याने बांधावर चढवून पायाने दाबायचा. वयाच्या मानाने तो थकायचा कमी. पाठ धरली की बसायचा, बिडी ओढायचा, पुन्हा उठायचा.

रविवारी मनिषाही घमेलं घ्यायची. मास्तरीण चिखलात उतरली म्हणून सुरुवातीला बाया हसल्या होत्या, आता कुणी पाहत नव्हतं. बांधाच्या ज्या टोकाला उघाडी, तिकडचं काम मात्र जगन एकटा करायचा. तिने पाऊल तिकडे टाकलं की म्हणायचा, "तू हिकरंच राहा, सुनबाय."

भामाचं शेत बांधाला लागून होतं. तिने वाल पेरला होता. ती शेताच्या कडेपर्यंत यायची, बांधावर चढायची नाही. ऑगस्टपासून तिचा पाय बांधाला लागला नव्हता. दुपारी पाणी प्यायला सगळे कडेला बसले की ती मनिषाजवळ येऊन बसायची आणि तेच विचारायची.

"बाई, पोटान दुकत व्हता ना तिच्या?"

"हो."

"मंग माज्याकरं का नाय आली? मी हतंच व्हती. हाक मारली असती तं आयकाला आला असता."

मनिषा हातावरचा वाळलेला गाळ नखाने काढायची.

"सकाली मी तिला वरडली व्हती. चाय सांडली म्हनून. त्यान रागावली का काय?"

"नाही गं. तशी रागावणारी नव्हती ती."

"नाय," भामा म्हणायची. "नाय रागवत."

अनुष्काबद्दल भामा 'होती' कधी म्हणायची नाही. विसावी ताटली ती रोज खिडकीजवळच्या जागेवर ठेवायची, मुलं जेवून उठली की झाकून घरी न्यायची. त्यातल्या खिचडीचं पुढे काय करायची, ते कुणी विचारलं नाही.

वर्गात मनिषा फळ्याकडे वळली की तिला पाठीमागे प्लास्टिकची फाइल चुरचुरल्यासारखी वाटायची. वळून पाहिलं तर कुणीतरी पेन्सिलीला टोक काढत असायचं. तिने वर्गातल्या सगळ्या प्लास्टिकच्या फायली काढून कपाटात टाकल्या. आवाज गेला नाही.

*

समितीचा दिवस जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ठरला. सोमवारी संध्याकाळी मनिषा पडवीत बसून पान मोठ्याने वाचत होती आणि परेश मोबाइलवर वेळ लावत होता.

"दोन मिंटं चालीस," तो म्हणाला. "बरा हाय."

जगन हातपाय धुऊन आला होता. उंबऱ्यावर बसून त्याने ऐकलं.

"त्यान किती पोरं लिवलीस?"

"वीस. पटावर आहेत तेवढीच."

"आन पोर बुडाली ता बी लिवलाय."

"हो."

"एका कागदान पोर जिती हाय, दुसऱ्यान मेली हाय. सायेब दोनी कागद एकाच हातान धरनार ना?"

परेशने मोबाइल खाली ठेवला. "त्यांना कोन सांगतंय ती त्या ईसांतली हाय म्हनून?"

"भामा सांगल. इचारला तं सांगलच ती. तिची पोर शालंत हाय." जगन उठला. "थांबा जरा."

तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीच्या तळातून काहीतरी घेऊन आला. फाइल होती, निळ्या प्लास्टिकची. पाणी आत शिरून वाळलं होतं, कडांना चिखलाची रेघ होती. त्याने ती मनिषाच्या पानावर ठेवली.

"तिसऱ्या दिशी गावली. झडपंच्या खाली अरकली व्हती."

मनिषाने हात लावला नाही. प्लास्टिकमधून तक्ता दिसत होता. छापील रेघा शाबूत होत्या. शाईने लिहिलेली नावं धुऊन गेली होती, कोपऱ्यातला शाळेचा शिक्का मात्र निळसर उरला होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"शिक्का वलखतो मी."

"पाच महिने बोलला नाहीत."

"तू आमच्या घरची. बोलून काय करू? पोर काय येनार व्हती?" त्याने गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं. "पन ती बाय रोज इचारते, माज्याकरं का नाय आली. मी बांधाव उबा असतो, मना आयकाला येतं. माज्याच्यान आता आयकवत नाय."

परेश एकदा बापाकडे, एकदा बायकोकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "नोकरी जाईल तुजी."

"फक्त नोकरीचं असतं तर..." मनिषा म्हणाली.

तिने फाइल पिशवीत घातली.

*

सुनावणी सरकारी विश्रामगृहाच्या लांबट खोलीत होती. टेबलाच्या एका बाजूला समितीचे पाच सदस्य, मागे अधिकारी, भिंतीशी खुर्च्यांवर बोलावलेले लोक. अध्यक्ष साठीचे, सौम्य, चष्मा कपाळावर. भामाने लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. गाडीत ती रेवाला दोन वाक्यं म्हणून दाखवत आली होती. रस्ता वाईट हाय. शाला गावातच ठेवा.

महादेव सर मागच्या रांगेत बसले होते. मनिषा आत शिरताना ते म्हणाले, "आकडा वीस. त्याच्यापुढे काही नाही."

विनायक सरांची तीन मिनिटं झाली. मग आडखारचं नाव पुकारलं गेलं. रेवाने भामाला आधी उभं केलं.

भामाने पदर सावरला. "रस्ता वाईट हाय. शाला गावातच ठेवा." आणि ती बसू लागली.

अध्यक्षांनी मायेने विचारलं, "बसा, बसा. ताई, तुमचं मूल आहे का या शाळेत?"

"हाय. पोर हाय."

"कितवीत?"

"चवथीन. रोज हजर असते. इचारा बाईंना."

अध्यक्षांनी समोर आलेलं आडखारचं पान उचललं. त्यांच्या शेजारच्या बाई सदस्यांनी तेच पान आधी वाचलं होतं. त्यांचं बोट खालच्या चार वाक्यांवर थांबलं. त्यांनी भामाचं आडनाव विचारलं. भामाने सांगितलं. बाईंनी अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी म्हटलं. त्यांनी चष्मा खाली ओढला.

भिंतीशी बसलेली माणसं भामाकडे पाहू लागली. कुठेतरी एक अधिकारी हसू दाबत खोकला. भामाला कळेना आपलं काय चुकलं. तिने रेवाकडे पाहिलं, मग मनिषाकडे.

मनिषा उठली. पान तिने घेतलं नाही. पिशवीतून फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. वाळलेला गाळ पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडला.

"शाळेत मुलं एकोणीस आहेत," ती म्हणाली. "वीस मी लिहिली. अनुष्का घरत ऑगस्टमध्ये उघाडीत पडून गेली. तिची हजेरी मीच लावते."

महादेव सर खुर्चीत पुढे सरकले.

"ती कोळव्याला चालली होती. ज्या वाटेने तुम्ही आता एकोणीस मुलांना पाठवणार आहात, त्याच वाटेने. पटसंख्येचा तक्ता पाचच्या आत हवा होता. हा तो तक्ता. तिच्या पोटात दुखत नव्हतं. तिने सुटी मागितली नव्हती. तिला मी पाठवलं होतं."

ती हे समितीला सांगत होती, पण शेवटची तीन वाक्यं तिने भामाकडे वळून सांगितली. भामा उभीच होती. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तोंडावर राग नव्हता, रडूही नव्हतं. एखादं ओझं कुणी डोक्यावरून उचललं की मान क्षणभर आपोआप वर येते, तशी तिची मान वर आली. मग ती खाली बसली आणि लुगड्याच्या निऱ्या मांडीवर सारख्या करत राहिली.

"तुमची मागणी काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

मनिषाने मागणी सांगितली. अंतर नकाशावर नको, मुलांच्या पायाने मोजा. तीन मिनिटं कधीच संपली होती. कुणी थांबवलं नाही.

"आम्ही नोंद घेतो," अध्यक्ष म्हणाले. आणि ते खरंच लिहीत होते.

बाहेर आवारात रेवा तिच्यामागे आली.

"ताई, हे मला आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही चेहरा मागितलात. तो मी दिला."

रेवाने मान खाली घातली. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी विचारीन, तिथे तुम्ही कुठे होतात."

भामा गाडीपर्यंत आली, पण बसली नाही. "मी यष्टीन जातं," एवढं म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. हिरवं लुगडं गर्दीत बराच वेळ दिसत होतं.

*

दुसऱ्या दिवशी भामा कामावर आली. तिने कांदा चिरला, खिचडी टाकली. हजेरीला मनिषाने एकोणीस नावं घेतली आणि पट मिटला. शेडमधली विळी नेहमीच्या जागी थांबली. मुलं वाट पाहत राहिली. खिडकीजवळच्या जागेवर बसलेल्या मुलाचं तोंड उघडंच राहिलं. बऱ्याच वेळाने विळी सुरू झाली.

त्या दिवशी ताटल्या एकोणीस होत्या. भामा मनिषाशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. गावातल्या दोन-तीन घरांनी कडूंच्या अंगणातून जाणं सोडलं. बोअरवेलवर बाया मनिषाला पाहून बोलणं थांबवायच्या. कुणी तिला शिवी दिली नाही. भगवान एक दिवस टगवरून आला, जगनच्या पडवीत अर्धा तास न बोलता बसला आणि चहा न घेता उठला.

समितीचं इतिवृत्त महिनाअखेरीस आलं. आडखारबद्दल दोन ओळी होत्या. प्रत्यक्ष पटसंख्या एकोणीस असल्याचे शिक्षिकेने मान्य केले. वाटेवरील सुरक्षेबाबत संबंधितांनी कार्यवाही करावी. पाठोपाठ दोन कागद आले. एक, आडखारची मुलं तीन फेब्रुवारीपासून कोळव्याच्या शाळेत बसतील आणि शिक्षिका त्यांच्यासोबत तिथे रुजू होतील. दुसरा, खोटी हजेरी लावल्याबद्दल मनिषाला कारणे दाखवा नोटीस. कोळव्याला स्वयंपाकाला बाया आधीच दोन होत्या. भामाचं काम संपलं.

महादेव सर दप्तर घ्यायला आले. कुलूप लावून झाल्यावर ते पायरीवर थांबले.

"गप्प बसला असतात तर जूनपर्यंत तरी शाळा राहिली असती."

"राहिली असती," मनिषा म्हणाली.

"मी तुमच्याविरुद्ध काही लिहिणार नाही."

"सप्टेंबरचा फोन लिहा, सर. मी माझ्या उत्तरात लिहिलाय."

ते मोटारसायकलला किक मारत राहिले. ती चौथ्या वेळी सुरू झाली.

*

सुरक्षेची कार्यवाही जगनने केली. 'संबंधित' कोण, हे त्याने कुणाला विचारलं नाही. परेशने यार्डातून जुनी दोरखंडं मागून आणली. बापलेकांनी फळीच्या दोन्ही बाजूंना सुरूचे खांब ठोकले, छातीच्या उंचीला एक आणि गुडघ्याच्या उंचीला एक दोर ताणला. जुनी फळी काढून दोन फळ्या शेजारी शेजारी टाकल्या, पाय घसरू नये म्हणून वर पोत्याची पट्टी मारली. त्या कामात जगनने पहिल्यांदा मनिषाला उघाडीजवळ येऊ दिलं. तिने खिळे धरले.

तीन फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता मुलं बांधाच्या तोंडाशी जमली. नवीन दप्तरं कुणाकडे नव्हती. थंडी होती, दोन्ही बाजूला वाल फुलावर आलेला. ओहोटी लागली होती. पाणी झडपांखालून बारीक आवाज करत खाडीकडे सुटत होतं. जगन उघाडीवर पाय रोवून उभा होता.

मनिषाने मुलांना एका ओळीत उभं केलं. हजेरीपट कोळव्याला जमा झाला होता. तिच्या हातात काही नव्हतं.

"फळीच्या अलीकडे मोजणी, पलीकडे गेल्यावर पुन्हा मोजणी," ती म्हणाली. "रोज. प्रत्येकाने आपला आकडा म्हणायचा. पुढून सुरू."

"एक."

"दोन."

"तीन."

आकडे ओळीतून मागे सरकत गेले. पहिलीतलं एक पोर आपला आकडा विसरलं, मागच्याने त्याला टोचलं. सोळा. सतरा. अठरा. शेवटी पहिलीतली सगळ्यात लहान मुलगी उभी होती, शेंबूड पुसत.

"एकोनीस."

पाण्याचा आवाज तेवढा राहिला. काही मुलांनी मागे वळून पाहिलं, मग मनिषानेही पाहिलं.

भामा शेताच्या कडेने येत होती. बांधाशी येऊन ती थांबली. तिने चपला काढल्या, त्या एकात एक घालून हातात घेतल्या, आणि अनवाणी पाय बांधावर ठेवला. मग दुसरा. ओळीच्या शेवटी येऊन ती उभी राहिली. लहानीचा शेंबडा हात तिने आपल्या हातात घेतला.

तीन आठवड्यांत तिने मनिषाकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"ईस," ती म्हणाली.

जगनने दोर धरून वाट दिली. मनिषाने फळीवर पाऊल टाकलं. मागे एकेक पाय पोत्याच्या पट्टीवर उमटत आला, आणि ती मनातल्या मनात मोजत पलीकडे चालत राहिली.